जिथे रस्ता संपतो तिथे जेवायला काय मिळतं

जूनमध्ये वेल्सच्या वायव्य टोकाला रात्री साडेनऊ-पावणेदहापर्यंत छान उजेड असतो आणि पबचं किचन मात्र साडेआठच्या आसपास बंद होतं. एवढी एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवली ना, तर ॲबरडारॉनमध्ये जेवणाचे हाल होत नाहीत. आपल्याला सवय कशी असते, आधी समुद्रावर फिरू, सूर्यास्त बघू, मग निवांत नऊला जेवू. इथे सूर्यास्त बघत बसलात तर उपाशी झोपायचं. लंच बारा ते अडीच, रात्रीचं सहा ते साडेआठ, मध्ये फार तर चहा आणि केक, असा साधारण हिशोब असतो, पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे. त्यामुळे इथे काय खायचं हा दुसरा प्रश्न, कधी खायचं हा पहिला.

ॲबरडारॉन कुठे आहे ते सांगते. वेल्सचा नकाशा बघितला तर वर डावीकडे एक हात समुद्रात बाहेर काढल्यासारखा दिसतो, ते लीन द्वीपकल्प. त्या हाताच्या बोटांशी हे गाव. पुल्हेलीपर्यंत ट्रेन येते, म्हणजे बर्मिंगहॅमहून निघालेली गाडी मखन्लेथला दोन भागात तुटते, अर्धी ॲबरिस्टविथला आणि अर्धी समुद्राच्या कडेकडेने पुल्हेलीला (चुकीच्या डब्यात बसू नका, अनाउन्समेंट होते पण झोप लागलेली असते). पुल्हेलीच्या पुढे साधारण 15 मैल बसने नाहीतर कारने. आम्ही कार नेली कारण बरोबर सासू-सासरे होते आणि आईंचे गुडघे. बी 4413 नावाचा रस्ता गावात येतो आणि तिथेच संपतो, पुढे एक अरुंद पूल, चार घरं, आणि समुद्र. 2023 पासून वेल्समध्ये वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी 20 मैलांची मर्यादा आहे, त्यामुळे शेवटचा तुकडा बैलगाडीच्या वेगाने जातो, पण बाबांना तो फारच आवडला, म्हणे आता कुठे बाहेरचं दिसायला लागलं.

गाव इतकं छोटं आहे की बाहेर जेवायला जायचं म्हणजे पर्याय एका हाताच्या बोटांवर. दोन हॉटेलं, शिप आणि टी न्यूइथ, दोन्हीकडे खाली बार आणि जेवण, वर खोल्या. टी न्यूइथची गच्ची थेट वाळूवर डोकावते. एक बेकरी आहे, बेकुस इस्लिन, गवताने शाकारलेल्या छपराची. आणि एक कॅफे, त्याच्याबद्दल पुढे बोलते कारण मुळात त्याच्यासाठीच आम्ही गेलो होतो. मधोमध पांढरं पोस्ट ऑफिस आहे, ते 1950 मध्ये क्लफ विल्यम्स-एलिस या वास्तुरचनाकारांनी डिझाइन केलं, पोर्टमेरियन हे इटालियन धाटणीचं गाव उभारणारे तेच हे. समुद्राला चिकटून सेंट हाइविन चर्च, तिथे कवी आर. एस. थॉमस 1967 ते 1978 व्हिकर म्हणजे धर्मगुरू होते. हे सगळं दहा मिनिटात बघून होतं आणि मग भूक लागते.

आता आमची मंडळी. बाबा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, मांस-मच्छी-अंडं-दारू काही नाही, कांदा-लसूण चालतो पण एकादशीला नाही. आई रत्नागिरीच्या, त्यांनी माळ घातलेली नाही आणि "मासे सोडले तर जेवायचं काय" हा त्यांचा सरळ प्रश्न आहे. चाळीस वर्षांचा संसार एकाच चुलीवर दोन भांड्यांत झालेला. अशा जोडीला घेऊन ब्रिटिश पबमध्ये जाणं म्हणजे मेन्यू कार्ड वकिलासारखं वाचावं लागतं.

तर तो कॅफे. इ गेगिन फाउर, म्हणजे मोठं स्वयंपाकघर. इमारत साधारण 1300 सालची सांगतात, जाड दगडी भिंती, बुटका दरवाजा. समोरच्या एन्ली बेटावर, इंग्लिशमध्ये बार्डसी, जाणाऱ्या यात्रेकरूंना बोटीत बसायच्या आधी इथे जेवण मिळायचं. बेटावर सहाव्या शतकात मठ सुरू झाला अशी परंपरा आहे आणि तिथे 20,000 संत पुरलेत अशी आख्यायिका. बेट किनाऱ्यापासून फार तर दोन मैल, पण मधल्या खाडीत प्रवाह भयंकर, वारा फिरला की बोटी बंद. मग यात्रेकरू काय करणार, इथेच थांबणार, आणि थांबलेल्या माणसाला जेवायला लागतं. सातशे वर्षांपूर्वीपासून हे गाव अडकून पडलेल्या लोकांना खायला घालतंय. आजही बोट रद्द झाली की लोक तिथेच येऊन बसतात, फक्त आता हातात स्कोन आणि क्रीम टी असतो.

मी हे बाबांना गाडीत सांगितलं होतं. आणि हेही सांगितलं की मध्ययुगात एन्लीच्या तीन वाऱ्या म्हणजे रोमच्या एका वारीइतकं पुण्य, असा हिशोब होता. बाबा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "सूनबाई, हे बरंय, ज्याला रोम परवडत नाही त्याची सोय." आणि आत गेल्यावर त्या जाड भिंतीला हात लावून उभे राहिले, मग वेटरच्या मागे लागले की पंगत कुठे बसायची, वाढायचं कोण, पैसे घ्यायचे का. ती मुलगी कॉलेजची असेल, समर जॉब करणारी, तिला बिचारीला काय माहीत. पण तिने आत जाऊन कुणाला तरी विचारून आणलं की बहुतेक फुकटच असणार. बाबांना तेवढं पुरलं. वारीच्या वाटेवर गावोगाव जेवण घालणारे लोक त्यांनी आयुष्यभर बघितलेत, त्यामुळे त्या खोलीत परकं असं त्यांना काही वाटलंच नाही. परकेपणा सुरू झाला तो मेन्यू हातात आल्यावर.

हे मी जरा सविस्तर लिहिणार आहे कारण घरात शाकाहारी माणूस असलेल्या सगळ्यांना उपयोगी पडेल. वेल्श जेवणात वरवर शाकाहारी दिसणारे पदार्थ बरेच आहेत आणि त्यातले निम्मे फसवे आहेत.

वेल्श रेअरबिट घ्या. चीज वितळवून टोस्टवर घालून भाजतात, ऐकायला किती निरुपद्रवी. पण त्या चीजमध्ये बिअर किंवा एल असते, मोहरी असते, आणि वूस्टर सॉस असतो आणि वूस्टर सॉसमध्ये अँचोव्ही म्हणजे मासा. एका टोस्टवर दारू आणि मासा दोन्ही, माळकऱ्याचं काम तमाम. वेल्श केक्स, तव्यावर भाजलेल्या त्या जाडसर गोड चकत्या मनुका घातलेल्या, पारंपरिक पद्धतीने चरबीत म्हणजे लार्डमध्ये करतात, आता बरेच ठिकाणी नुसत्या बटरमध्ये, पण अंडं असतंच. बारा ब्रिथ, चहात भिजवलेल्या सुक्या मेव्याचा ब्रेड, त्यात तूप-लोणी बहुतेक नसतंच पण पुन्हा अंडं. लीक (जाड पातीच्या कांद्यासारखी भाजी) आणि बटाट्याचं सूप, स्टॉक चिकनचा. ग्लॅमॉर्गन सॉसेज, नाव सॉसेज पण आत केरफिली चीज, लीक आणि ब्रेडचा चुरा, मांसाचा पत्ता नाही, शाकाहारी म्हणून सगळीकडे कौतुक, आणि बांधायला अंडं. लेव्हरब्रेड म्हणजे समुद्री शेवाळ तासन् तास उकळून केलेला काळपट हिरवा लगदा, मूळचा दक्षिणेकडचा पण सगळीकडे मिळतो, आता वनस्पतीच ती, पण ओटमध्ये घोळवून बेकनच्या चरबीत परततात. आणि चिप्स! चिप्स ज्या तेलात तळतात त्यातच मासा तळलेला असतो, काही ठिकाणी तर तेलही नाही, गाईची चरबी.

यावर एक युक्ती आहे. यूकेमध्ये 14 ॲलर्जनची, म्हणजे ॲलर्जी आणणाऱ्या पदार्थांची, माहिती देणं कायद्याने बंधनकारक आहे आणि बहुतेक ठिकाणी त्याची एक फाइल किंवा तक्ता असतो. तो मागायचा. त्यात अंडं, मासा, शिंपल्याचे प्रकार, दूध, मोहरी असे कॉलम असतात. अंडं लगेच कळतं. वूस्टर सॉसमधला मासा पण मासा म्हणून खूण होऊन येतो. पण लार्ड त्यात येत नाही, चिकन स्टॉक येत नाही, चरबी येत नाही, कारण ते ॲलर्जनच्या यादीत नाहीत. ते तोंडी विचारायलाच लागतं. मेन्यूत व्ही लिहिलं असेल तर मांस-मासा नाही, पण अंडं असू शकतं, व्हीजी म्हणजे व्हीगन लिहिलं असेल तर अंडंही नाही दूधही नाही. म्हणून अंडं न खाणाऱ्याला खरं तर व्हीगन पदार्थ घ्यायचा आणि वर बटर वेगळं मागायचं, हा सगळ्यात सोपा मार्ग. वेटरला "व्हेजिटेरियन, नो एग" एवढं म्हटलं तर तो गोंधळतो, "व्हीगन प्लस डेअरी" म्हटलं की त्याचा चेहरा उजळतो.

बाबांनी शेवटी जॅकेट पोटॅटो खाल्ला. भाजलेला आख्खा बटाटा, वर बीन्स, वर किसलेलं चीज. ते चीज व्ही खुणेचं आहे ना एवढं विचारून घेतलं, कारण काही चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं द्रव्य, असतं. जाता जाता सांगते, या द्वीपकल्पाच्या दाराशीच, पुल्हेलीजवळ चुइलोग गावात, साउथ कर्नार्वन क्रीमरीज नावाची शेतकऱ्यांची सहकारी डेअरी आहे, 1938 पासूनची, वेल्समधली सगळ्यात जुनी. बाबा जिल्हा दूध संघात नोकरीला होते त्यामुळे त्यांचा अर्धा तास त्या विषयावर गेला, दर काय देतात, फॅटवर देतात का. मला उत्तरं येत नव्हती, बटाटा गार झाला.

आता आईंच्या बाजूला येऊ.

ॲबरडारॉनला जाऊन खेकडा न खाणं म्हणजे गेलोच नाही असं समजा. माझं स्पष्ट मत. गावापासून थोडं चालत गेलं की पोर्थ मेउडवी नावाची चिंचोळी खाडी आहे, तिथून मासेमारीच्या छोट्या बोटी निघतात, एन्लीची बोट पण तिथूनच सुटते. खडकाळ तळ, थंड पाणी, जोरदार प्रवाह, म्हणजे खेकडा आणि शेवंडीला लागतं ते सगळं. पिंजऱ्यात आमिष घालून तळाशी सोडतात, ओळीने, वर तरंगता बोया. ठराविक मापाच्या आतले परत पाण्यात, असा नियम आहे. आईंना हे ऐकून फार बरं वाटलं, "आमच्याकडे पण असं पाहिजे होतं," म्हणाल्या.

पण गंमत म्हणजे वेल्सच्या किनाऱ्यावरचे बरेचसे खेकडे आणि शेवंडी वेल्समध्ये कोणी खातच नाही. जिवंत, पाण्याच्या टाक्या असलेल्या ट्रकमधून स्पेन आणि फ्रान्सला जातात. तिकडचे लोक चांगले पैसे देतात, इथले लोक आइसलँड-नॉर्वेकडून आलेला कॉड तळून खातात. म्हणून एखाद्या पबच्या फळ्यावर खडूने लोकल क्रॅब लिहिलेलं दिसलं की प्रश्न विचारायचा नाही, ऑर्डर द्यायची. छापील मेन्यूपेक्षा फळा बघा, फळ्यावरचं त्या दिवशी आलेलं असतं, वारा असला की फळ्यावरून खेकडा गायब.

क्रॅब सँडविच हा प्रकार दिसायला अगदीच साधा. जाड ब्राउन ब्रेड, बटर, आत हाताने सोडवलेला खेकडा, लिंबाची फोड, बाजूला थोडा पाला. बाराएक पौंड. आईंनी किंमत मनातल्या मनात रुपयात केली ते मला त्यांच्या भुवयांवरून कळलं. मग एक घास. मग दुसरा. काही बोलल्या नाहीत. कोकणातली बाई खेकडा खाताना गप्प बसली म्हणजे एक तर फार वाईट आहे नाहीतर फार चांगला. तिसऱ्या घासानंतर म्हणाल्या, "अगं, मसाला नाही म्हणून कळतंय की हा गोड आहे." मला हे वाक्य इतकं आवडलं. आपल्या रश्शात आपण कुर्ली खातो तेव्हा तिरफळं, खोबरं, मिरची सगळ्यांची मिळून चव असते आणि त्यात खेकडा शिरतो. इथे नुसता खेकडा. हे जास्त चांगलं की ते, असा वाद आमच्या टेबलावर झाला आणि त्याचा निकाल लागला नाही, नवऱ्याने दोन्ही बाजूंनी जेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ड्रेस्ड क्रॅब मागवला. कवटीच स्वच्छ करून तिच्यात मांस परत भरून देतात, नांग्या-पायांचं पांढरं मांस एका बाजूला आणि कवटीतलं तपकिरी मांस दुसऱ्या बाजूला. इथले बरेच जण पांढरं खातात आणि तपकिरी बाजूला सारतात, मी बघितलंय. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी तसंच केलं आणि आईंचा जीव खालीवर. "ती लाख टाकतेय ती, लाख!" कवटीतल्या त्या गराला त्या लाख म्हणतात. मी म्हटलं आई हळू, तर म्हणे तिला मराठी कुठे येतंय. खरंय, चव सगळी त्या तपकिरीत असते, पांढऱ्यात गोडवा असतो, दोन्ही एकत्र ब्रेडवर लावून खायचं. शेवंड म्हणजे लॉबस्टरपण होती, अर्धी, गार्लिक बटरमध्ये, चिप्सबरोबर, पण किंमत बघून आम्ही सगळ्यांनी एकमताने खेकडाच चांगला असं ठरवलं.

फिश अँड चिप्सबद्दल लोक मला शिव्या घालतील पण लिहितेच. समुद्राच्या काठावर बसून खाल्लं की चांगलं लागतं, त्याचं श्रेय समुद्राला द्या. कॉड किंवा हॅडॉक, बहुतेक वेळा लांबून आलेला, बॅटर कुरकुरीत, आत मासा पांढरा आणि अलगद सुटणारा, मीठ, व्हिनेगर, संपलं. पहिले सहा घास स्वर्ग, नंतर नुसतं तेल. दोघांत एक घ्या. बरोबर करी सॉस मिळतो, पिवळा, गोडसर, घट्ट, त्यात मध्येच एखादा मनुका. आईंनी बोटाच्या टोकावर घेऊन चाखला आणि विचारलं हे कुठल्या गावचं. या प्रश्नाला उत्तर नाही. पण मी मान्य करते की पावसाळी संध्याकाळी गरम चिप्सवर तो मला आवडतो, हे माहेरी सांगू नका. आणि हो, पार्सल घेतलं तर लाकडी फोर्क मिळेल, वेल्सने 2023 च्या ऑक्टोबरपासून एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या प्लेटा-काटे-चमचे आणि थर्माकोलच्या खोक्यांवर बंदी घातली आहे. लाकडी फोर्क जिभेला विचित्र लागतो, तरी बरं. सीगल्सपासून सांभाळा, ते चिप्स मागत नाहीत, घेऊन जातात.

रविवार हा इथे वेगळा विषय आहे. 1881 मध्ये कायदा झाला की वेल्समध्ये रविवारी पब बंद. चॅपलवाल्या, म्हणजे दारूला विरोध करणाऱ्या प्रॉटेस्टंट पंथांच्या, मंडळींचा जोर होता. 1961 पासून जिल्ह्याजिल्ह्यात मतदान घेऊन ठरवायची पद्धत आली आणि एकेक जिल्हा उघडत गेला, सगळ्यात शेवटी राहिला तो ड्विफोर, म्हणजे हाच भाग, लीन द्वीपकल्प. 1996 पर्यंत इथे रविवारी पबमध्ये बिअर मिळत नव्हती! मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट ही, फार जुनी नाही. बाबांना हा कायदा इतका आवडला की त्यांनी तो पुन्हा आणायचा सल्ला बारवाल्याला दिला, नवऱ्याने भाषांतर करायला साफ नकार दिला. आता रविवारी उलट आहे, संडे रोस्टसाठी आठवड्यातली सगळ्यात जास्त गर्दी, आजूबाजूच्या शेतांवरची कुटुंबं आजी-आजोबांसकट येतात, लॅम्ब किंवा बीफ, भाजलेले बटाटे, ग्रेव्ही, यॉर्कशर पुडिंग. आधी टेबल बुक केलं नसेल तर दुपारी तीनपर्यंत तोंड बघत बसायचं. नट रोस्ट नावाचा शाकाहारी प्रकार असतो, पण ग्रेव्ही विचारून घ्या, ती बहुधा मांसाचीच.

नवऱ्याची मात्र चंगळ. नेविनजवळ कुरू लीन नावाची स्थानिक ब्रूअरी आहे, त्यांची एक बिअर आहे ब्रेनिन एन्ली, एन्लीचा राजा. असा राजा खरोखर असायचा, मासेमार आणि शेतकऱ्यांच्या त्या बेटावर एकाला मुकुट घालायचे. शेवटचा राजा लव्ह प्रिचर्ड, पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा 71 वर्षांचा, लढायला जातो म्हणून पुढे आला आणि वय जास्त म्हणून परत पाठवला. ही कथा ऐकून बाबांनी त्या बिअरच्या ग्लासकडे पहिल्यांदा थोड्या आदराने बघितलं. स्वतः चहाच प्यायले.

पबमध्ये आत शिरलात की कानावर पहिल्यांदा वेल्श पडते. बारच्या पलीकडे, किचनमध्ये, कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्यांमध्ये, सगळीकडे. पर्यटकांशी इंग्लिश, आपापसात वेल्श. काही लोकांना वाटतं आपण आलो म्हणून मुद्दाम बदलली, तसं अजिबात नाही, ती त्यांची घरची भाषा आहे, आपण टेबलावर मराठीच बोलत होतो की. जाताना दिओल्ख, म्हणजे थँक्यू, म्हटलं की हसतात.

पद्धत अशी की टेबलावर जाऊन बसायचं, टेबलाचा नंबर लक्षात ठेवायचा, बारवर जाऊन ऑर्डर द्यायची आणि बहुतेक वेळा तिथेच पैसे भरायचे. आपण टेबलावर बसून वेटरची वाट बघितली तर कोणी येत नाही आणि दोन्ही बाजूंना वाटतं समोरचे उद्धट आहेत. नळाचं पाणी मागा, दारूचा परवाना असलेल्या जागी ते फुकट द्यावं लागतं, बाटली घेऊ नका. किमतीत व्हॅट धरलेला असतो, टिप बंधनकारक नाही, सर्व्हिस चांगली वाटली तर थोडं ठेवा. दारावर शून्य ते पाचपैकी एक आकडा लिहिलेला हिरवा स्टिकर दिसेल, तो किचनच्या स्वच्छतेचा. वेल्समध्ये 2013 पासून तो लावणं सक्तीचं आहे, इंग्लंडमध्ये ऐच्छिक आहे, त्यामुळे तिकडे ज्यांचा आकडा वाईट ते लावतच नाहीत. आई प्रत्येक दारावर आधी तो आकडा बघायच्या, पाच असेल तरच आत. चपला मात्र काढायच्या नाहीत हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही, आणि टेबलाखाली शेजाऱ्यांचा ओला कुत्रा झोपलेला, तेही नाही.

एका संध्याकाळी जवळच्या दुसऱ्या एका गावात, नाव नाही लिहीत, आम्ही बुकिंग करून गेलो आणि तिथे कळलं की शेफ नाही म्हणून किचन बंद, फक्त पाकीटातले क्रिस्प्स म्हणजे बटाट्याचे वेफर्स मिळतील. चिडायला झालं. पण मालकीणबाईंनी जे सांगितलं त्याने राग उतरला. सीझनला माणसं मिळत नाहीत, कारण माणसांना राहायला घर मिळत नाही. या भागातली कितीतरी घरं शहरातल्या लोकांची दुसरी घरं, वर्षातले बरेच महिने कुलूप. ग्विनेथ काउंसिलने 2023 पासून अशा घरांवर काउंसिल टॅक्सच्या, म्हणजे घरपट्टीच्या, वर 150 टक्के जादा आकारायला सुरुवात केली आहे. तरी भाडी काही शेफच्या पगारात बसत नाहीत. आपण सुट्टीला म्हणून जे कॉटेज घेतो त्यातच उद्याचा आचारी राहिला असता, हे जरा टोचतं. आम्ही त्या रात्री क्रिस्प्स, सफरचंदं आणि आईंनी बॅगेतून काढलेल्या मेथीच्या लाडवांवर भागवलं, त्यात डिंकही होता, जड, झोप मस्त लागली.

सकाळचं सांगायचं राहिलं. बेकरीतून गरम काहीतरी घेऊन वाळूवर बसायचं, हा मला पबच्या फुल वेल्श ब्रेकफास्टपेक्षा जास्त पटतो. सकाळी लवकर जा, चांगल्या गोष्टी आधी संपतात. ओहोटीला किनारा मोठा होतो, भरतीला पार भिंतीपर्यंत पाणी, त्यामुळे बसायचं कुठे ते भरतीची वेळ बघून ठरवा. आणि कार असेल तर पोर्थोरला जा, तिथल्या वाळूवर पाय घासत चाललं की ती खरोखर शिट्टी मारते, किनाऱ्यावरच एक कॅफे आहे, तिथे बाबांना चीज टोस्टी मिळाली, साधी, बिअर नाही, मासा नाही, अंडं नाही, आणि ती त्यांनी दोनदा मागवली.

आईंना आता हिवाळ्यात परत जायचंय, म्हणे गर्दी नसेल. मी सांगितलं की हिवाळ्यात यातल्या बऱ्याच जागा बंद असतात किंवा शनिवार-रविवारीच उघडतात, बोटी नसतात आणि मासेमारांना पिंजरे टाकायला हवामान मिळत नाही त्यामुळे खेकडाही नाही. तर ईस्टर ते सप्टेंबर हाच काळ धरा, खेकड्यासाठी साधारण मे नंतर, शाळांच्या सुट्ट्या टाळून, आणि निघायच्या आदल्या दिवशी फोन करून किचन चालू आहे ना एवढं विचारा. वेबसाइटवर लिहिलेल्या वेळेवर विश्वास ठेवू नका, फोन उचलणाऱ्या माणसावर ठेवा.